कुणालाच न लागणाऱ्या ओळी

कोरेगावच्या दूध संघात संगणक आला, तेव्हा तो सांभाळायला आटपाडीच्या एक बाई आल्या. मी संकलन विभागात होतो, त्यामुळे रोज त्यांच्याशी काम पडायचं. संगणकाचे सगळे प्रोग्रॅम ज्या सामायिक लायब्ररीवर, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या साठ्यावर, चालत, तिच्यातल्या कुणालाच न लागणाऱ्या ओळी त्या सवडीनं काढून टाकत. आधी पानं छापून घेत आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून पुटपुटत, "ह्याला कोन हाक मारतंय का? न्हाई? मग जा बाबा."

एकदा कुणाचा तरी हात चुकीच्या बटणावर पडला. लायब्ररीत नुसताच पडून असलेला एक जुना तुकडा सुरू झाला आणि त्यानं सकाळच्या संकलनाच्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. तो काढायलाच हवा होता. पण ही लायब्ररी बाईंनी आधीच्या नोकरीतून आणली होती आणि तो तुकडा लिहिला होता तिथल्या, आता निवृत्त झालेल्या सरांनी, ज्यांनी बाईंना हे काम शिकवलं.

रविवारी त्या मला सोबत घेऊन एसटीनं वाईला गेल्या. सर अंथरुणावर होते.

"सर, तुमी लिवल्यालं काढायचं हाय. इचारल्याबिगर हात लावू वाटंना."

सरांनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "अजून होतं ते?"

"व्हय. त्याच्यावरच तर मी शिकले."

सरांनी हसून उशीवर मान टेकली. "शिकलीस ना? मग काढ आता."

सोमवारी बाईंनी तो तुकडा काढला. संकलन बिनचूक चाललं. त्या तुकड्याचं छापलेलं पान मात्र त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवलं.