बुश बाहेरून दिसत न्हाई

आमच्या गॅरेजात भंगार साठत न्हाई, भंगारवाला येऊन घेऊन जातो. किस्से मात्र साठतात. ते न्यायला कोणी येत न्हाई. मग माझंच डोकं तापतं, अन् चहाला जो सापडंल त्याला ऐकावं लागतं. आज तुमी सापडलात.

हिंगोलीत औंढा रोडला माझं सस्पेंशनचं काम चालतं. सोबत पार्टनर गोविंद, जो सगळं मोबाईलवर शिकतो. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मच्या टोकाला रबराची जाड बांगडी असते, तिला बुश म्हणतात. रस्त्याचे सगळे धक्के तो खातो, अन् त्यालाच कोणी विचारत न्हाई!

* * *

डोंगरकडा गावचे एक केळीवाले शेठ जीप घेऊन आले. टायर ट्रॅक्टरएवढे, टपावर लाईटांची माळ, हॉर्न असा की म्हैस बिथरावी. खालून पाहिलं तर बुशच्या चिंध्या झालेल्या!

म्हणलं, "शेठ, हे आधी बदला. ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढंल."

शेठ वाकले, पाहिलं, म्हणाले, "पण बाहेरून तर दिसत न्हाई ना?"

"किडनी बी बाहेरून दिसत न्हाई, शेठ!"

शेठनी विचार केला, अन् आणखी दोन लाईट लावून गेले.

* * *

पुसेगावच्या एका काकांचा बुश कुरकुरत होता. तर हे दर रविवारी त्याच्यावर जळकं ऑइल ओतायचे. रबराला ऑइल म्हणजे विष! बुश भिजल्या हरभऱ्यावाणी टम्म फुगलेला.

"काका, काहून ओतलं?"

"सांध्याला तेल नको का? आमच्या आईच्या गुडघ्याला तेलानंच उतार पडला."

"मग गाडी बी तिच्याकडंच न्यायची होती!"

काका रुसून गेले. रागवायचं मी, अन् रागावले ते!

* * *

रबरी बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचा. जॅकवर चाकं लोंबकळत असताना आवळला, तर रबराला पीळ बसून राहतो. घसा कोरडा पडस्तोवर सांगितलं, तरी गोविंदनं एका जीपचे बोल्ट जॅकवरच आवळले! गाडी खाली आली ती नाक वर करूनच. मी पाना घेऊन धावलो, तर मालकच आडवा आला.

"हात लावू नका! अशीच राहू द्या, काय रुबाब दिसून राहिला!"

महिन्यात बुश फाटला. मग हाच मालक चौकात सांगत फिरला, की मिस्त्रीचा माल बोगस हाय. सांगा, कोणाचं डोकं फिरणार न्हाई?

* * *

ही बदनामी ताजी असतानाच कळमनुरीकडं रॅली ठरली. मातीचा रस्ता, घड्याळ लावून एकेक गाडी सोडायची. आमी आपली जुनी जीप उतरवली. गाडी पळाली तर गॅरेजचं नाव राहणार, न्हाई तर शटर खाली. चालवणार आमचा दोस्त अन्वर, रोज भाजीची पिकअप हाकणारा. शेजारी गोविंद, रस्ता सांगायला.

गोविंद हट्टालाच पेटला, "बुशच्या जागी सगळीकडं लोखंडी जॉइंट टाकू. मोबाईलवर रॅलीवाले तेच टाकतात!"

"अरे, त्यांच्याकडं दर रॅलीनंतर बदलायला माणसं हायत! आपल्या फुफाट्याची धूळ त्यात शिरली की खडखड सुरू!"

मी पुढं कडक प्लास्टिकचे बुश टाकले, स्टेअरिंग ताब्यात राहावं म्हणून. मागं नवं रबर. बाकीचे गाडीवाले खाली वाकून पाहू पाहू हसले, "रबर? रॅलीला निघाले का सोयरिकीला?" अंगाची लाही लाही झाली माझी.

मी शेवटच्या दोरीपाशी उभा. पुढच्या गाड्या आल्या. अन्वरच्या मागून सुटलेल्या बी आल्या. अन्वरचा पत्ता न्हाई! समदे माझ्याकडं पाहून राहिले. म्हणलं संपलं. बुश गेला, इज्जत गेली.

तेवढ्यात धुरळ्यातून जीप आली. मी धावत जाऊन आधी खाली पाहिलं. चारी चाकं बराबर, बुश शाबूत! मग वर पाहिलं. गोविंद मागं स्टेपनीवर, मांडीवर गवताचा भारा. त्याच्या सीटवर पट्टा बांधून एक म्हातारी बसलेली, पदरावरून गोविंदचं हेल्मेट!

"अन्वर! ही कोण?"

"हात केला तिनं," अन्वर म्हणाला.

म्हातारी सावकाश उतरली. हेल्मेट काढून घड्याळवाल्या साहेबाच्या हातात दिलं.

"गाडी लय चांगली हाय बाबा. पाठीला धक्का म्हणून लागला न्हाई." मग एकदम तिचा पारा चढला, "पण ह्याच्या आधी समद्या गाड्यायला हात केला मी, एक मेला थांबला न्हाई! एवढी कायची घाई हाय रे तुमाला?"