दामुकाकांची चालती बेरीज

ओव्हर संपली की दामुकाका खुर्चीतून अर्धे उठायचे, हात वर करायचे आणि बोर्डाच्या दिशेने ओरडायचे, “जुळवा!”

एवढंच ओरडणं. बाकी दिवसभर त्यांचा आवाज शेजारच्या घरातसुद्धा ऐकू येत नसे, आणि शेजारचं घर म्हणजे आमचंच. पण मैदानात त्यांची ती हाक खाडीपर्यंत जायची. बोर्डवाला आपल्या पाट्यांवरचा आकडा मोठ्याने सांगायचा, काका लॅपटॉपमधला आकडा सांगायचे, दोन्ही एक निघाले की हात खाली. मगच अंपायरने पुढची ओव्हर सुरू करायची. कधी कोणी घाई केली तर काका शांतपणे म्हणायचे, “मागचा चुकला तर पुढचे सगले खोटे. थांब जरा.”

आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीला लागून. भात कापून झालं की खलाटीतल्या, म्हणजे खालच्या सखल शेतांचे बांध मोडून, रोलर फिरवून मैदान करतात आणि टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. ज्यांनी आमच्याकडची टूर्नामेंट पाहिली नाही त्यांना सांगून पटायचं नाही. मंडप, डीजे, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, मोटारसायकली उभ्या करायला जागा नाही. माणसं लग्नाच्या तारखा टूर्नामेंट बघून काढतात. या सगळ्या गर्दीत मंडपाच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकचं टेबल, त्यावर जुना लॅपटॉप आणि मागे पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला एक किडकिडीत माणूस. बॅट्समनकडे सगळे बघतात, बोलरकडे बघतात, नाचणाऱ्यांकडे तर बघतातच. स्कोररकडे कोणी बघत नाही. काकांना त्याचं काही वाटत नसे. निदान मला तरी तसं वाटायचं.

ते बंदरात टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरलेला माल मोजायचा आणि लिहायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नोकरीच्या शेवटच्या काळात साहेबांनी संगणकावर बसवलं आणि तिथे त्यांना स्प्रेडशीट भेटली. भेटली असंच ते म्हणायचे, माणूस भेटावा तशी. निवृत्त झाले, कार्यालयातून निघालेला लॅपटॉप स्वस्तात घेतला आणि गावाचा स्कोर त्यात मांडायला लागले. एका ओळीत एक बॉल. शेजारी त्या बॉलचे रन. त्याच्या शेजारी चालती बेरीज, म्हणजे वरच्या घरातला आकडा अधिक या बॉलचे रन. फॉर्म्युला खाली ओढत न्यायचा. तो आकडा त्यांनी कधी हाताने टाइप केला नाही.

“बेरीज टाइप करायची न्हाय बाय,” ते मला सांगायचे, “ती झाली पायजे. एकेक बॉल टाकावा लागतो, तवा ती होते.”

मी बी. कॉम. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझे आईवडील मिठागरात राबले, आजोबा अंगठा उठवायचे. हे मी कुठेही ताठ मानेने सांगते. निकाल लागला तेव्हा गावातल्या बायका आईला म्हणाल्या, “आता लवकर उजवून टाक गो तिला.” दामुकाका मात्र संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, “तू शिकलेली हायेस तर मला एक सांग. खाली खाली जातो तशी वरची ओळ दिसंनाशी होते. मग कलत न्हाय कुठल्या घरात काय लिवायचं. यावर काय विलाज हाय का?” मी त्यांना वरची ओळ जागेवर कशी गोठवून ठेवायची ते दाखवलं. ते शीट खाली सरकवत राहिले, वर सरकवत राहिले, पुन्हा खाली. रकान्यांची नावं असलेली ओळ जागची हलत नव्हती. “आयला,” ते म्हणाले. काकांच्या तोंडून मी ऐकलेला हा एकुलता एक अपशब्द. माझ्या पदवीचा कोणीतरी केलेला तो पहिला सत्कार, असं मी धरते.

तेव्हापासून मी त्यांच्याकडे जायला लागले. काकी गेल्या होत्या, मुलगी सुमनताई लग्न होऊन नाशिकला. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक ताट, एक कप, सगळं धुऊन पालथं घातलेलं. एकदा मी गमतीने विचारलं, “काका, घरखर्चाची पण शीट असेल ना?”

“घरात मोजण्यासारकं काय उरलं? एकटा रांधतो, एकटा खातो. एकाची बेरीज करायला लॅपटॉप कशाला?” असं म्हणून ते हसले. मीही हसले, पण घरी आल्यावर आईला म्हटलं, कालवण केलंस की वाटीभर तिकडे देत जा.

मोजण्यासारखं होतं ते सगळं मैदानात होतं. गावातल्या प्रत्येक खेळाडूचं त्यांनी एकेक पान केलं होतं. त्यात त्याची गावाकडून खेळलेली प्रत्येक मॅच आणि चालती बेरीज. पोरं रिक्षा स्टँडवर भेटली की विचारायची, “काका, माझे किती झाले?” काका आकडा तोंडपाठ सांगायचे आणि वर पुस्ती जोडायचे, “मागच्या टायमाला भोपला फोडला न्हायस, म्हनून तिथंच हाय.” पोरं खजील व्हायची आणि खूशही. आपण केलेलं कोणीतरी ठेवलंय, याचा आनंद वेगळाच असतो. माझा भाऊ नितेश गावाचा कप्तान. दिवसभर न्हावा शेव्यावरून ट्रेलर हाकून आला तरी तो आधी काकांच्या दारात डोकवायचा, मग घरात यायचा. “म्हाताऱ्याला भेटून आलो,” म्हणायचा. त्याच्या तोंडी तो मानाचाच शब्द होता.

आता त्या फायनलचं सांगते.

टूर्नामेंट आमच्या गावची, पण आमच्या गावाने तो चषक कधीच जिंकला नव्हता. पाहुणी गावं यायची, आमचं मटण खायची आणि चषक घेऊन जायची. त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. आम्हाला जिंकायला बासष्ट हवे होते. मी बायकांबरोबर कडेच्या बांधावर बसले होते.

आमच्या मैदानावरून विजेच्या तारा जातात. म्हणून टॉसच्या वेळीच दोन्ही कप्तानांचं ठरतं, तारेला बॉल लागला तर डेड, रन नाही, पुन्हा टाकायचा. शेवटून दुसऱ्या ओव्हरमध्ये आमच्या एकाने उंच उचलला. बॉल तारेला घासला आणि पुढे जाऊन सीमेबाहेर पडला. अंपायरने डेड दाखवला. काकांनी हात वर करून ते पोचल्याची खूण केली. पण तोवर डीजे वाजायला लागला होता, गुलाल उडाला होता, आणि बोर्डवाल्याने चार रन चढवले होते. बोर्डाचं तोंड लोकांकडे असतं. मंडपातून नुसती त्याची पाठ दिसते.

ओव्हर संपली. काका अर्धे उठले, “जुळवा!” म्हणून ओरडले. आवाज डीजेत बुडाला. बोर्डवाल्याने लांबूनच अंगठा वर केला. पाहुण्या गावाचा जो माणूस काकांशेजारी बसायचा तो केव्हाच उठून सीमेवर गेला होता. कॉमेंट्रीवाला आकडे सोडून आमच्या गावाचंच नाव घेत सुटला होता. सगळे खोळंबले होते. काका खाली बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आकडा कानाने न ऐकता अंगठ्यावर भरवसा ठेवला.

शेवटच्या बॉलला बोर्डावर एकसष्ट. एक रन हवा होता. समोर नितेश. त्याने बॉल हळूच ढकलला, पळत एक काढला आणि बॅट फेकून दिली. अख्खं गाव आत धावलं. पाहुण्यांचे खेळाडू हस्तांदोलन करायला लागले. त्यांचीही काही तक्रार नव्हती. नितेशला कोणीतरी खांद्यावर घेतलं होतं, आई रडत होती.

आणि दामुकाका हात वर करून उभे होते.

बराच वेळ कोणाचं लक्षच गेलं नाही. मग अंपायर त्यांच्याकडे गेला. मग कॉमेंट्रीवाल्याचा माईक बंद झाला, मग डीजे. यूट्यूबवाल्यांनी चित्रफीत मागे नेऊन पाहिली. काकांच्या शीटमध्ये अठ्ठावन्न होते, आणि अठ्ठावन्नच खरे होते. आम्ही तीन रनांनी हरलो होतो.

टूर्नामेंट भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष काकांच्या कानाशी लागून म्हणाले, “दामूशेठ, ते लोक पन हरलो म्हनतात. राहू द्या ना. तुमी गावचे की त्यांचे?”

“आकडा गावचा नसतो,” काका म्हणाले. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

नितेश खांद्यावरून उतरून तिथे आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “काका, तुमचा आकडा खरा हाय, मान्य. पन मी एकाला खेललो. मला पाच पायजेत हे तुमच्याकडं होतं, माझ्याकडं नव्हतं. मी सिक्स मारायला गेलो असतो ना! तुमी मला खेलूच दिलं न्हाय.”

काकांनी लॅपटॉप मिटला. चषक पाहुण्यांना गेला.

गावाने त्यांना काही केलं नाही, हे स्पष्ट सांगते. कोणी शिवी दिली नाही. फक्त रिक्षा स्टँडवर कोणी “माझे किती झाले?” विचारेना. नितेश ट्रेलर लावून सरळ घरात यायला लागला. मी खूप भांडले त्याच्याशी. “खरं बोलणाऱ्या माणसाला असं करता?” म्हटलं. तो म्हणाला, “तू तिथं बॅट घेऊन उभी नव्हतीस.” आणि तोही खोटं बोलत नव्हता.

काकांकडे जाऊन मी म्हटलं, “तुम्ही बरोबर होता.”

ते म्हणाले, “आकडा बरोबर होता बाय. मी न्हाय. बरोबर आकडा आपल्याजवल ठेवून काय करायचा? ज्याला खेलायचा हाय त्याला तो वक्तावर मिलाया पायजे.” मग हळूच, “कान कमी झालेत. सांगितलं न्हाय कुनाला. सांगितलं तर खुर्ची जाईल म्हनून.”

खुर्ची तशीही गेली. पुढच्या वर्षी मंडळाने मोबाईल ॲप घेतलं. काकांना कोणी काढलं नाही, फक्त बोलावलं नाही. टूर्नामेंटच्या दिवसांत मी एकदा कामावरून येताना डोकावले, तर ते टीव्हीवर यूट्यूब लावून स्कोर मांडत होते. आवाज बंद ठेवला होता. शंभर पावलांवर मैदान, डीजेने खिडकीची तावदानं थरथरत होती आणि हा माणूस तीच मॅच टीव्हीत बघत होता. ओव्हर संपली तेव्हा ते जरासे हलले, पण उठले नाहीत. कोणाशी जुळवणार?

त्या पावसाळ्यात सुमनताई येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. निघताना त्यांनी खेळाडूंची सगळी पानं माझ्या मेलवर पाठवली. “चालू ठेव असं म्हनत न्हाय,” ते म्हणाले. “तुझी नोकरी हाय. नुसती असू दे.” आमच्याकडून त्यांना पोचवायला आई आणि मी, एवढ्याच.

दोन हिवाळे गेले आणि एका सकाळी सुमनताईचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. तिकडेच सगळं उरकलं. गावाच्या ग्रुपवर दुपारपर्यंत हात जोडलेली चित्रं आली, संध्याकाळी पुन्हा टूर्नामेंटचं पोस्टर.

नितेश त्या दिवशी जेवला नाही. ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला आणि मग त्याने सांगितलं. आदल्याच महिन्यात द्राक्षं भरायला रिकामा कंटेनर घेऊन तो नाशिकला गेला होता. गोडाऊनवर नंबर लागायला वेळ होता, म्हणून सुमनताईचा पत्ता शोधत गेला. घरी आल्यावर आम्हाला मात्र एका शब्दाने बोलला नव्हता.

“मला ओलखलं लगेच,” नितेश म्हणाला. “च्या पाजला. घरच्यांचं विचारलं. मॅचचं मी काय काढलं न्हाय, त्यांनीपन न्हाय. मी निघालो, चपला घालत होतो, तवा विचारलं.”

“काय विचारलं?”

“बोलले, तुला पाच पायजेत हे मी वेलेवर सांगितलं असतं, तर काय खेलला असतास? मी बोल्लो, उचलला असता काका, लाँगऑनवरून. पन वारा समोरचा होता. कदाचित कॅचच गेला असता.”

“मग?”

“मग बोलले, गेला असता तर गेला असता. पन तुझा तू खेलून गेला असतास.” नितेश खाली बघत राहिला. “माझ्या पाठीवरून हात फिरवला, आनि बोलले, ती एक बाकी राहिली माझ्याकडं. मी बोल्लो, काय बाकी न्हाय काका. मोठ्यानं बोल्लो. पन ऐकू गेलं का न्हाय, कलंना.”