घरी इंग्लिशमध्येच बोला

“यहाँ साइन कर दीजिए. पॅरेंट्स बाहर बैठे हैं, वो भी कर देंगे,” शीला मॅडम म्हणाल्या आणि कागद माझ्या टेबलावर सरकवून तिथेच उभ्या राहिल्या. त्या आमच्या सेक्शन हेड.

मी अबू धाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका भारतीय शाळेत स्पेशल एज्युकेटर आहे. ज्या मुलांना शिकायला किंवा बोलायला अडचण येते त्यांना तपासायचं आणि मदत करायची, हे माझं काम. इथे अशा मुलांना ‘स्टुडंट्स ऑफ डिटर्मिनेशन’, म्हणजे जिद्दीची मुलं, म्हणतात. शब्द चांगला आहे. आमच्याकडे तो ज्या कामासाठी वापरत होते, त्याचा मला संताप येतो.

कागद चौथीतल्या तन्वीचा होता. क्लास टीचरने लिहिलं होतं, ‘नॉन-व्हर्बल’. म्हणजे न बोलणारं मूल. रीडिंग कच्चं, गणिताचा पेपर जवळजवळ कोरा.

“मैंने बच्ची को देखा तक नहीं,” मी म्हणाले.

“देखने का टाइम किसके पास है? इन्स्पेक्शन सर पे है. ये नए अ‍ॅडमिशन्स पूरे ग्रेड का अ‍ॅव्हरेज खींच रहे हैं. ये अलग लिस्ट में गई तो डेटा क्लीन. यल्ला, जल्दी साइन कीजिए.”

डेटा क्लीन म्हणजे काय, ते सांगते. शाळेचा निकाल गटागटाने मांडतात. कोणत्या देशाची मुलं, शाळेत नवी किती, खास मदत लागणारी किती. कोणता गट मागे पडतोय ते दिसावं आणि त्याच्याकडे लक्ष जावं, एवढाच हेतू. आमच्या सेक्शनने त्यातून पळवाट काढली होती. मूल कच्चं दिसलं की ते खास गटात ढकलायचं आणि वर्गाच्या सरासरीतून वगळायचं. मग वर्ष संपताना आईबापांना सांगायचं, आमच्याकडे पुरेशी सोय नाही, दुसरी शाळा बघा. असा शेरा घेऊन आलेल्या मुलाला दुसरी शाळा सहजासहजी उभं करत नाही.

मी सही केली नाही. आईवडिलांना मुलीसकट आत बोलावलं.

वडील मुसाफा या कारखान्यांच्या भागातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात फोरमन. मूळचे गुहागरकडचे. कित्येक वर्षं कामगारांच्या कॅम्पात काढल्यावर बढती मिळाली, फॅमिली व्हिसा झाला आणि बायको-मुलगी इथे आल्या. माझं मराठी आडनाव ऐकून त्यांना धीर आला असावा, पण त्यांनी खिशातून आधी पेनच काढलं.

“कुठं सही करू, मॅडम?”

“कशावर करताय ते वाचलंत का?”

“तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही सांगाल ते चांगलंच असणार.”

मला त्यांचाही राग आला. “तुमची मुलगी शिकू शकत नाही असं लिहिलंय त्यात,” मी म्हणाले. “पुढच्या वर्षी शाळा हिला काढेल. मग दुसरी शाळा मिळाली नाही, तर या दोघी परत गुहागरला.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी तन्वीकडे वळले. “काय गं, गावाला शाळेत कोणत्या बाई होत्या तुला?”

तिने आधी आईकडे पाहिलं, मग दाराशी जाऊन उभ्या राहिलेल्या शीला मॅडमकडे. मग अगदी हळू विचारलं, “मॅम, मराठी अलाउड आहे?”

मी हो म्हटलं, तरी तिने पुन्हा आईकडे पाहिलं. आईने मान हलवल्यावर ती बोलायला लागली. बाईंचं नाव, शाळेमागची विहीर, मैत्रिणीशी झालेलं भांडण, काहीच सुटलं नाही. तिने कोरं सोडलेलं भागाकाराचं गणित मी मराठीत घातलं. पंचवीस काजू, चार भावंडं, सारखे वाटायचे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं. वर तिने मलाच विचारलं, “उरलेला एक कोणाला द्यायचा, बाई?”

“मग वर्गात गप्प का असते ही? घरी तरी बोलते का?” मी आईला विचारलं.

आईने पर्समधून शाळेचं सर्क्युलर काढलं. घडीवर फाटायला आलेलं. अ‍ॅडमिशनच्या दिवशी सगळ्यांना देतात ते. ‘घरी मुलांशी फक्त इंग्लिशमध्येच बोला.’

“ह्यांची ड्यूटी लांब असते. घरी आम्ही दोघीच,” ती म्हणाली. “मला इंग्लिश येत नाही, बाई. तिचं नुकसान नको, म्हणून मी बोलायचंच बंद केलं. जेवायला बोलवायचं तरी हातानेच खुणावते.”

वडिलांनी पेन उचलून परत खिशात घातलं. शीला मॅडम दारात उभ्या होत्या. मी त्यांना हिंदीत सगळं सांगितलं.

“व्हेरी सॅड,” त्या म्हणाल्या. “लेकिन स्कोअर तो स्कोअर है ना?”

“तो फिर ये स्कोअर बच्ची का नहीं, स्कूल का है. रिपोर्ट में मैं यही लिखूँगी, और प्रिन्सिपल सर को भी दूँगी.”

लिहिलंही तसंच. मुलीत दोष नाही, भाषा नवी आहे, वर्गात मदत द्या. प्रिन्सिपलनी “लेट्स नॉट मेक इट बिग” म्हणत सहीसाठी आलेला मूळ कागद मागे घेतला. तन्वी वर्गातच राहिली आणि तिचे मार्क सरासरीत धरले गेले. सरासरी थोडी घसरली. माझ्या अप्रेझलमध्ये ‘नॉट अ टीम प्लेअर’ असं लिहून आलं.

तन्वी आता वर्गात इतकी बोलते की टीचर तक्रार घेऊन माझ्याकडे येते. इंग्लिशही येतंय, चुकतमाकत. घरी मायलेकी मराठीत भांडतात, असं वडील कौतुकाने सांगतात.

सर्क्युलर मात्र बदललं नाही. मी दोनदा लिहून दिलं, दोनदा “इन्शाल्ला, नेक्स्ट इयर” ऐकलं. एप्रिलमध्ये नव्या अ‍ॅडमिशन्सना तेच वाटलं गेलं. तेव्हापासून कोणतंही मूल ‘नॉन-व्हर्बल’ म्हणून माझ्याकडे आलं, की मी त्याला तपासायच्या आधी त्याच्या आईला विचारते, तुम्ही याच्याशी शेवटचं कधी बोललात?