मशिनीचा अंगठा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, साठीनंतर लिहायला-वाचायला शिकल्या. मीच शिकवलं, आणि शिकवताना ओरडलेही मीच. त्यामुळे परभणीच्या प्रदर्शनात त्यांच्या चटणीच्या बरण्या न्यायचं ठरलं, तेव्हा लेबलवरचं नाव त्यांनी स्वतः कागदावर लिहून दिलं: कऱ्हाळ्याची चटणी.

छापून बघितलं तर ‘ऱ्ह’मधला र उडून ह च्या डोक्यावर बसलेला!

“चुकलंय हे,” आत्याबाई म्हणाल्या. “असलं लेबल लावून मी न्हाई यायची. लोक म्हणतील, म्हातारीला लिहिता येत न्हाई.”

दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. लेबल छापणारा प्रोग्राम आमच्याच कंपनीचा, इथं झरी गावात घरी बसून मी त्याचंच काम करते, म्हणजे नाक कापलं गेलं ते माझं. या चुकीवर मी कालच एक पॅच लावला होता, ठिगळच म्हणा ना. ते अर्धवट निघालं. सकाळी बसून ते नीट केलं आणि प्रोग्रामचा तेवढा भाग, ते पॅकेज, पुन्हा बांधायला सांगितलं. मशीन म्हणतं, काही बदललंच नाही, जुनंच चालू द्या. चारदा सांगितलं, चारदा तेच.

“अरे मुडद्या!” मी ओरडले.

“काय म्हणायलंय ते?” आत्याबाईंनी विचारलं.

“ठिगळाचं नुसतं नाव बघतंय. नाव तेच, म्हणून आतलंही तेच म्हणतंय.”

“मग झाकण उघडून बघ म्हणावं की! डब्यावर साखर लिहिलंय म्हणून मी चहात मीठ टाकीन का?”

मला हसू फुटलं. पॅचचं नाव बदलून वेळ मारून नेता आली असती, पण उद्या पुन्हा तीच बोंब. म्हणून प्रत्येक पॅचच्या आतल्या मजकुराचा ठसा काढून ठेवायची सोय केली. एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो, आणि जुन्याशी जुळला नाही की पॅकेज आपोआप नव्यानं बांधलं जातं.

“ठसा म्हंजे?”

“अंगठा हो, आत्याबाई.”

“अगं बाई! मी अंगठा सोडून सही शिकले, अन् तू एवढ्या शिकल्यासवरल्या मशिनीला अंगठाबहाद्दर करायलीस?”

दोघी पोट धरून हसलो. मशिनीनं या वेळी मुकाट्यानं काम केलं. लेबल आलं. आत्याबाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. र जागेवर होता.

मग त्यांनी पेन मागितला. “त्येचा अंगठा झाला. आता माजी सही.”

जीभ दातात धरून त्या एकेका लेबलाखाली सही करत बसल्या. दुपारची गाडी निघून गेली. आणि मी, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून ओरडणारी बाई, शेजारी बसून एकेक लेबल फुंकर घालून वाळवत राहिले.