नवव्या मजल्यावरचा गोंगाट

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली मोठीताई म्हणायची. उंची म्हणाल तर दाराच्या वरच्या कडीसाठी तिला स्टूल लागे; मोठा होता तो तिचा आवाज. दोन खोल्या, अठरा पोरं आणि एकवीस वर्षं, एवढा तिचा संसार. त्यात नवराही होता, पण तो हिशेबात धरायला आधी दिसायला तरी हवा. तो घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून केसाएवढे स्क्रू फिरवायचा आणि घरी येऊन चहासुद्धा असा प्यायचा, की कपाला पत्ता लागू नये.

मोठीताईची काम करायची एक रीत होती. पोरांना ती कधी 'गप्प बसा' म्हणत नसे. पोरं दुधाच्या पातेल्याभोवती गोळा झाली, की ती पुढच्या खोलीत जाऊन एक झाकण दाणकन आपटे. अठराच्या अठरा पोरं काय झालं ते बघायला तिकडे धूम ठोकत, आणि ताई मागच्या मागे दूध उतरवून मोकळी. गोंगाट हा तिला कधी शत्रू वाटलाच नाही. पगार न घेणारा मदतनीस होता तो.

घड्याळजीला एकच व्यसन होतं, कॉम्प्युटरवरचा भुयाराचा खेळ. नऊ मजले, प्रत्येक मजल्यावर झोपलेले राक्षस. तुमच्या वीराचं पाऊल वाजलं, की पडद्यावर आवाजाचं वर्तुळ उमटतं. त्या वर्तुळात जो राक्षस येईल तो जागा होतो. एकदा मेलात की मेलात, पुन्हा पहिल्या पायरीपासून. घड्याळजी वर्षभर चवड्यांवर चालत आठ मजले उतरला होता. रविवारी संध्याकाळी सहाला खेळाचा यंदाचा हंगाम संपणार होता. त्याआधी जो बाहेर पडेल त्याचं नाव कायमच्या यादीत. उरलेल्यांचं वर्ष पुसून जाणार. आणि बुधवारी डॉक्टरांनी घड्याळजीच्या डोळ्याचं ऑपरेशन करून दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधल्या. एक डोळा हलला की दुसराही हलतो म्हणे.

तीन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. रविवारी पावणेपाचला म्हणाला, "अगं, ऐकतेस का?"

"अठरा पोरांचं ऐकते, तुमचं एकट्याचं जड आहे का?"

"तो खेळ... तू खेळशील? मी सांगतो तसंच फक्त."

आवाजात काय होतं कोण जाणे, ताईनं भाजीची परात बाजूला सारली आणि हात पुसून कॉम्प्युटरसमोर बसली.

नववा मजला म्हणजे एक लांबलचक, वळणाचा बोळ, टोकाला रिकामं कोठार आणि मध्ये मोठं दालन. दालनात बावीस पहारेकरी घोरत पडलेले आणि त्यांच्या मधोमध बाहेर जायचा जिना. घड्याळजीनं खेळगड्यांना विचारून ऑपरेशनआधीच पेन्सिलीनं तीनशे चाळीस पावलांचा नकाशा काढला होता. त्यातलं पहिलंच पाऊल होतं, दालनाचं दार हळूच उघडणे. ताईनं दुसरंच बटण दाबलं. वीरानं दाराला सणसणीत लाथ घातली.

"काय झालं?" पट्ट्यांच्या आडून घड्याळजी किंचाळला.

"काही नाही. दार उघडलं."

"दार असं उघडतात?"

बावीस पहारेकरी डोळे चोळत उठले. ताई घाबरून बोळाच्या वळणाआड पळाली. पहारेकरी दारापाशी आले, घुटमळले, एकमेकांना धडकले, दाराकडे टकामका पाहत राहिले आणि काहीच सापडेना तेव्हा जांभया देत परत जाऊन झोपले. वळणाआड कोणी उभं असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ताई खुर्चीतच हसून हसून आडवी झाली. "अहो, ही तर माझीच पोरं आहेत! आवाज कुणी केला याच्याशी देणंघेणं नाही. कुठे झाला तिकडे पळायचं, बस्स!"

"वर्षाची मेहनत आहे गं माझी," घड्याळजी कळवळला.

"म्हणूनच म्हणते, आता मला करू द्या. या पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं काय आहे?"

"हात लावू नकोस त्याला! ओरडणारं मुंडकं आहे ते. खाली ठेवलं की बोंबलतं. टाकताही येत नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यापासून वागवतोय."

"म्हणजे खेळणं पिशवीत ठेवून तुम्ही वर्षभर पोरांसमोरून चवड्यांवर हिंडताय? धन्य आहे!"

तिनं मुंडकं नेलं ते थेट टोकाच्या कोठारात. तिथे ठेवलं आणि पळत परत वळणाआड आली. मुंडक्यानं जी बोंब ठोकली, ती ऐकून शेजारीण गॅलरीत आली. दालनातून पहारेकरी लोटले आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता वळण ओलांडून कोठाराकडे पळाले. ताई मोजत होती. पोरं मोजायची सवय ती.

"एकवीस. एक उरलाय. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच, ढिम्म."

"मग आता चवड्यांवर जा! अगदी हळू!"

"हळू गेले तर उठेल. कलकलाटात झोपलेलं पोर शांतता झाली की उठतं."

ती दालनात शिरली, चांगले पाय आपटत. डॉक्टरांनी डोकं हलवायला मनाई केली होती, म्हणून घड्याळजी नुसते पाय झाडत होता. अर्धं दालन ओलांडलं आणि मुंडक्याचा दम संपला. सगळीकडे चिडीचूप. पायरीवरच्या ढिम्मानं एक डोळा किलकिला केला.

"का थांबलं? अगं, का थांबलं?"

ताईनं तलवार उपसली आणि ढालीवर बडवायला सुरुवात केली. ठण ठण ठण! बोळातून एकवीस जण माघारी वळले. पण ढिम्मानं समाधानानं डोळा मिटला आणि कूस बदलली. कूस बदलल्यानं पायरीवर वीतभर जागा झाली. तेवढ्या जागेतून ताई ढाल बडवत वर चढली. मागे एकवीस जोडी पावलांचा धडधडाट, पुढे उजेड, आणि तुतारी वाजली. सहाला आठ मिनिटं कमी होती.

"मेलो?" घड्याळजीनं बारीक आवाजात विचारलं.

"मरायला काय झालंय! बाहेर आलो. यादीत नाव आलंय तुमचं. एकेचाळिसावं."

घड्याळजी ताडकन उठून बसणार होता. ताईनं कपाळावर हात ठेवून त्याला दाबून धरलं. त्यानं तोच हात धरला आणि म्हणाला, "तुतारी पुन्हा लाव." तिनं चारदा लावली. शेजारीण पुन्हा गॅलरीत आली.

मग त्याला आपल्या खेळगड्यांच्या ग्रुपवर बातमी द्यायची घाई झाली. त्यानं सांगायचं, तिनं मोबाइलवर टाइप करायचं.

"लिही. आज बाहेर पडलो. शेवटच्या मजल्यावर बायकोनं थोडी मदत केली."

ताईची बोटं चालली.

"टाकलंस?"

"थांबा, टाकते."

"आधी वाचून दाखव."

"आज बाहेर पडलो. शेवटचा मजला बायकोनं पार केला."

पट्ट्यांखाली घड्याळजीच्या ओठांचे कोपरे कानांकडे निघाले होते.

"'एकटीनं' घाल त्यात," तो म्हणाला, आणि तेही चांगलं मोठ्यानं.