डीनसाहेबांची पुरणपोळी

चहा ओता, बसा, आणि माझं सांगून होईपर्यंत माझ्या बायकोला यात घेऊ नका. ती हा किस्सा माझ्यापेक्षा चांगला सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी आणखी बावळट दिसतो.

सध्या दुबईत, आमच्या अल बर्शात, मला एकच प्रश्न विचारतात. लिफ्टमध्ये, सुपरमार्केटमध्ये, गणपतीच्या मीटिंगला. "काय हो जोगळेकर, तुमची रेवा कॉमर्सला होती ना? मग मेडिकलला गेली कशी?" बरोबर आहे. बायोलॉजी नाही, फिजिक्स नाही, केमिस्ट्रीचं तर दहावीनंतर पोरीने तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. मग गेली कशी? सांगतो. यात माझी अब्रू जाते, पण ती काय, जातच असते.

मुळात तिला कॉमर्सला घातली मीच. मी जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका इन्शुरन्स कंपनीत अकाउंट्स बघतो, आणि आपल्याला जे येतं तेवढंच जगात महत्त्वाचं, असा माझा जुना समज. अकरावीला ती म्हणाली होती, "बाबा, मी बायो घेऊ?" मी म्हणालो, "बेडूक कापून कोणाचं भलं झालंय?" विषय संपला. म्हणजे मला वाटलं संपला.

बारावीची परीक्षा उरकली आणि जेवता जेवता तिने जाहीर केलं, "बाबा, आय वॉन्ट टू बी अ डॉक्टर."

"कशाच्या जोरावर? बॅलन्स शीटच्या?"

"देअर इज अ फाउंडेशन इयर, बाबा. आय चेक्ड."

तर दुबईतल्या एका कॉलेजात, नाव कशाला सांगू, सायन्स न घेतलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा कोर्स आहे. त्या वर्षात सगळं सायन्स भरून काढायचं, पास झालात की पुढे मेडिकल. पण जागा अगदी मोजक्या, आणि मुलाखत होते. हे सांगताना पोरीचा चेहरा असा उजळला होता की बघत राहावं. आपल्या हट्टापायी हिची दोन वर्षं फुकट गेली, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फार वाईट वाटलं हो. आणि मला वाईट वाटलं की मी गप्प बसत नाही, काहीतरी करायला जातो. तिथेच सगळा घोळ होतो.

ऑफिसात आमच्या एका ज्ञानी मित्राने सांगितलं, "जोगळेकर, मार्क वगैरे ठीक आहे. पण वशिला बघा." झालं. माझ्या डोक्यात वशिला शिरला.

कागदपत्रं द्यायला कॉलेजात गेलो. रेवा म्हणत होती, "ऑनलाइन होतं बाबा." पण ऑनलाइन वशिला कसा लावणार? गेलो. लॉबीत सोफ्यावर एक गृहस्थ बसलेले. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा कंदुरा, म्हणजे अरबांचा तो पायघोळ झगा, कातरलेली दाढी, हातात दोन दोन मोबाइल. येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांना सलाम करत होता. सिक्युरिटीवाल्याने तर न सांगता करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणून दिला. आता मला सांगा, हा माणूस कोण असणार? मी मनात म्हटलं, डीन. दुसरं कोण?

मी थेट जाऊन शेजारी बसलो. थेट विचारलं मात्र नाही. अशा गोष्टी थेट विचारायच्या नसतात, एवढं मला कळतं.

"माय डॉटर, सर. कॉमर्स. बट व्हेरी हुशार."

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

एवढ्या एका शब्दाने मला धीर आला. आदल्याच दिवशी होळी झालेली, माझ्या डब्यात पुरणपोळ्या होत्या. मी डबा उघडून पुढे केला. त्यांनी एक घेतली. डोळे मिटले. दुसरी घेतली.

"व्हेरी नाइस. व्हॉट इज?"

"पुरणपोळी."

"बुरन बोली."

अरबांना प म्हणता येत नाही, हे मला माहीत. मी शिकवायला लागलो. ओठ मिटून दाखवले, उघडून दाखवले. "प, सर, प. पु-रण-पो-ळी." त्यांनी मन लावून पुन्हा म्हटलं, "बु-रन-बो-ली." आणि तिसरी घेतली.

तेवढ्यात बायकोचा फोन. मी तिथेच बसून, अगदी मोकळ्या आवाजात म्हणालो, "अगं, डीन शेजारीच बसलाय. हो, अरब. नाही गं, त्याला काय कळतंय मराठी? दिसतो तालेवार, पण खातो कसला हावरटासारखा. तिसरी चाललीय. माझ्या जेवणाचं राहू दे, पोरगी डॉक्टर झाली पाहिजे."

डीनसाहेब माझ्याकडे बघून मंद हसले. मीही हसलो.

दुसऱ्या खेपेला मी खास डबा नेला. निमित्त काढलं एका राहिलेल्या फोटोचं. तेच गृहस्थ, तोच सोफा. पोळ्या खाऊन झाल्यावर मी त्यांच्यासमोरच घरी फोन लावून रिपोर्ट दिला, "पक्का मुरलेला आहे हा. चार पोळ्या रिचवल्या तरी इन्शाल्लाच्या पुढे सरकत नाही. आता हापूस काढावा लागणार." हे ऐकून, शप्पथ, त्या माणसाच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं. मला वाटलं, पोळी पचली.

मुलाखतीचा दिवस आला. रेवाने घरीच बजावलं होतं, "बाबा, यू विल जस्ट सिट. प्लीज." मी म्हटलं, अर्थात. पार्किंगमध्ये मात्र डिकीतून हापूसची पेटी काढली.

"व्हॉट इज दॅट?"

"काही नाही. ओळखीचे आहेत इथले डीन, लॉबीत सोफ्यावर बसतात ते कंदुरावाले. सीझन आहे, म्हटलं द्यावेत."

पोरगी जागच्या जागी थांबली. तिचा आवाज बदलला. "बाबा, दॅट्स अ ब्राइब. तू मला बायो घेऊ दिलं नाहीस, फाइन. नाऊ आय ॲम डुइंग धिस मायसेल्फ. त्यांनी हे पाहिलं ना, तर दे विल थ्रो मी आउट. यू नो दॅट?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पेटी सावरेपर्यंत ती तरातरा आत गेली, सोफ्यापाशी जाऊन म्हणाली, "सर, आय ॲम सो सॉरी. माय फादर ब्रॉट यू मँगोज. प्लीज डोन्ट टेक देम. इफ आय डोन्ट गेट इन, आय डोन्ट गेट इन."

डीनसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मागून धापा टाकत आलेल्या माझ्याकडे पाहिलं. पेटीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "पोरी, शाबास. ॲडमिशनचं तुझं तू बघ, माझा तिच्याशी काही संबंध नाही. पण आंबे परत नेऊ नको. तुझ्या बापाने निवडून आणलेत."

मी सोफ्यावर बसलो. पेटी मध्ये ठेवली.

"मी इब्राहिम. गाव दापोली. राहतो फुजैऱ्याला. तिकडून मुलांना आणणाऱ्या कॉलेजच्या बसेस माझ्या. त्या परत निघेपर्यंत इथे बसतो."

"आणि हा कंदुरा?"

"वीस-बावीस वर्षं झाली इथे. या उन्हात याच्याइतका आरामाचा कपडा दुसरा नाही. तुम्हीपण शिवून घ्या."

माझ्या डोळ्यांपुढून बायकोशी झालेले दोन्ही फोन सरकत गेले. शब्दन् शब्द. "अहो, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. तुम्ही डबा उघडलात. तोंडात घास, बोलणार कसा? मग वैनींचा फोन आला आणि तुम्ही मला हावरट म्हणालात. म्हटलं, नाव झालंच आहे, तर पोटभर तरी खाऊ या." वर म्हणाले, "बुरन बोली. बरी जमली होती ना? तुम्ही एवढा प शिकवलात, तरी येऊ दिला नाही."

रेवा तोंडावर हात धरून हसत होती. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं आणि ती तशीच, हसू आवरत आत गेली. बाहेर मी आणि इब्राहिमभाई, मध्ये पेटी. त्यांनी वास घेऊन एक आंबा उचलला. मी खिशातला रुमाल पुढे केला. बोलण्यासारखं सगळं आधीच बोलून झालं होतं.

काही वेळाने आतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. मग दार किलकिलं झालं. केस पिकलेल्या एक बाई डोकावल्या, माझ्याकडे पाहिलं, आंब्यांकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. पुन्हा हशा.

"त्या डीन," इब्राहिमभाई साल काढता काढता म्हणाले.

रेवा बाहेर आली. "काय विचारलं?" मी कसंबसं म्हणालो.

"फर्स्ट, व्हाय नो सायन्स. आय सेड, माय फादर."

"बरं. मग?"

"देन दे आस्क्ड, जवळच्या माणसाने तुमच्यासाठी काही चुकीचं केलं तर काय कराल? बाबा, बाकीचे इमॅजिन करत असतील. माझं तर पाच मिनिटांपूर्वीच झालं होतं."

"माझं नाव सांगितलंस?"

"नो, नो. आय सेड, अ क्लोज रिलेटिव्ह."

"मग ठीक आहे," इब्राहिमभाईंनी मला धीर दिला. "मामासुद्धा असू शकतो."

"पण त्यांनी विचारलं, हाऊ क्लोज? आय सेड, बाहेरच बसलेत. विथ द मँगोज."

पोरीला ॲडमिशन मिळाली. पत्र आलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडलो आणि बाहेर येऊन ॲलर्जीचं कारण सांगितलं. इब्राहिमभाई आता सणासुदीला आमच्याकडे जेवायला असतात. बायको त्यांना आग्रहाने वाढते आणि ते माझ्याकडे बघत प्रत्येक वेळी "हावरट आहे मी" म्हणून आणखी एक पोळी घेतात.

आणि लिफ्टमध्ये कोणी विचारलंच, की अहो जोगळेकर, सायन्स नाही, बायो नाही, मग पोरगी मेडिकलला गेली कशाच्या जोरावर, तर मी खरं तेच सांगतो. बापाच्या चारित्र्याच्या.