पारंपरिक कारागीर

साहेबांनी पायातला बूट काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"बघ ना जरा. सोल सुटलाय. तुझ्या तर हातातच आहे हे."

आदल्या शनिवारी हाच माणूस मला 'तुम्ही' म्हणत होता.

रांजणगावच्या एका कंपनीत मी क्वालिटी इंजिनिअर आहे. गाड्यांचे पार्ट बनतात. पार्ट गेटबाहेर जायच्या आधी कागदावर माझी सही लागते. सात वर्षं झाली. साहेब म्हणजे आमचे प्लांट हेड, पुण्याचे. चामड्याच्या वस्तू बनवायचा त्यांना छंद. बाहेरच्या देशातून मागवलेली हत्यारं, लाकडी पेटी, पेटीला आतून मखमल. त्यांनीच कंपनीत हॉबी क्लब काढला. शनिवारी शिफ्ट सुटली की कॅन्टीनच्या हॉलमध्ये दोन तास. मी पहिल्याच दिवशी नाव दिलं.

पहिल्या शनिवारी कार्ड ठेवायचं पाकीट शिवायचं होतं. साहेबांनी शिवण दाखवली. एकच दोरा, दोन सुया. एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून. ही युरोपातली पद्धत, म्हणाले. घोड्याचं खोगीर शिवणाऱ्या लोकांची. मशीनची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते, ही उसवत नाही.

मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं आप्पा होते. माझा बाप. आप्पा सुई वापरायचेच नाहीत. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना डुकराचा राठ केस बांधायचे. आरीनं भोक पाडायचं, एक केस इकडून, एक तिकडून, आणि दोन्ही हात लांब करून दोरा ओढायचा. चामडं धरायला साहेबांकडं लाकडी शिकंजा होता. आप्पांकडं गुडघे होते. दोऱ्याला मेण लावायचं काम माझं. सहा वर्षांची असल्यापासून.

माझं पाकीट सगळ्यांच्या आधी झालं. साहेबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. खूश झाले. म्हणाले, "कुठे शिकलात तुम्ही?"

मी म्हणाले, "यूट्यूबवर."

खोटं बोलले. अगदी सहज आलं तोंडातून. ती सवय जुनी.

मागच्या टेबलावर संपत होता. प्रॉडक्शनचा सुपरवायझर आणि आमच्याच गावचा, दौंड तालुक्यातला. घरची बागायत, चुलता सोसायटीचा चेअरमन. तो हसत म्हणाला, "यूट्यूब कशाला लागतंय साहेब? हिचा बाप आमच्या गावात चपला शिवायचा. रक्तातच हाय त्यांच्या."

दोघं-तिघं हसले. वाईट नाही हसले. तेच तर. कुणाला त्यात वाईट काही दिसलंच नाही.

पुढच्या शनिवारी बूट आला.

आणि मी तो शिवला. हे मला लिहायलाच पाहिजे. मी नाही म्हणाले नाही. बाकी सगळे आपापले पट्टे, पाकिटं घेऊन बसले होते आणि मी साहेबांच्या बुटाचा सोल शिवत होते. बूट आतून अजून कोमट होता. साहेब मोज्यावर उभे राहून फोटो काढत होते. पुढच्या वेळी एचआरच्या मॅडमनी पर्सचा बंद आणला. मग कुणाच्या मुलीची सँडल. पाचव्या शनिवारी मी जाईपर्यंत माझ्या जागेवर पिशवी ठेवलेली होती. चपलांची. कुणी ठेवली तेही कुणी सांगितलं नाही.

दुसरीत असताना गुरुजींच्या चपलेचा अंगठा तुटला होता. भर वर्गात त्यांनी मला उठवलं. म्हणाले, बापाकडून शिवून आण. चपलेला हात लावायला मला शरम वाटली म्हणून मी पाटीवर ठेवून नेली. तर पाटी बाटवली म्हणून परत आल्यावर छडी. गावातून जाताना पोरं ओट्यावरून बघत होती. त्यांच्यात संपत होता. तो विसरला असेल. त्याला विसरणं परवडतं.

त्या दिवशी आप्पांनी चप्पल शिवून दिली. वर्षभरात त्यांनी आरी आणि रापी पत्र्याच्या पेटीत टाकली आणि साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले. रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. त्यांची रापी घासून घासून अर्धी झाली होती. पेटीला हात लावायचा नाही, असं घरात सगळ्यांना सांगितलेलं.

मी डिप्लोमा केला, नोकरी लागली, शिरूरला खोली घेतली. दोन वर्षांपूर्वी गावी गेले आणि ती पेटी उघडली. का, ते मला नीट सांगता येत नाही. दिवसभर मी मायक्रोमीटरनं लोखंड मोजते. हाताला काहीतरी मऊ, जिवंत पाहिजे होतं. हत्यारं पिशवीत घातली आणि चौफुल्याहून शिरूरची एसटी धरली. पहिल्यांदा चष्म्याचं घर शिवलं. मग स्वतःसाठी डब्याची पिशवी. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या पायासाठी नव्हतं. आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी चामडं स्वतःसाठी शिवलं होतं.

आप्पांना कळलं तेव्हा ते चिडले. "ह्याच्यासाठी शिकवलं का तुला? मी टाकली, आन् तू उचलून आणली?" तिसऱ्या दिवशी चष्म्याचं घर हातात घेतलं, शिवणीवरून नख फिरवलं. "दोरा ढिला हाय. वढून घेत जा." एवढंच.

चपलांच्या पिशवीचं मी आप्पांना सांगितलं नाही. लाज वाटली. ज्यातून त्यांनी मला बाहेर काढलं, तिथं मी खुर्चीवर बसून पोचले होते.

मग कंपनीचा वर्धापनदिन आला. सगळ्यांच्या घरची माणसं येणार. हॉबी क्लबचा स्टॉल. मॅडम म्हणाल्या होत्या, डेमो द्यायचाय, साडी नेसून ये, छान वाटेल. मी नेहमीचा शर्ट-पँट घालून गेले, गळ्यात ओळखपत्र. घरी बनवलेल्या चार वस्तू आणि आप्पांची हत्यारं बरोबर घेतली.

स्टॉलवर पांढरं कापड घातलेलं टेबल. त्यावर साहेबांची पेटी, पाकिटं, पट्टे. पाटी: लेदर आर्टिस्ट. खाली साहेबांचं नाव.

टेबलाच्या बाजूला जमिनीवर गोणपाट अंथरलेलं. गोणपाटावर लोखंडी ऐरण, कुठून तरी भाड्यानं आणलेली. आणि ती चपलांची पिशवी. तिथंही पाटी होती: पारंपरिक कारागीर. खाली नाव नव्हतं.

मी विचारलं, हे काय आहे.

मॅडम म्हणाल्या, तुझी जागा. लोकांना ओरिजिनल फील येईल. फोटोपण मस्त येतील.

हातातली पिशवी जड झाली. समोर माझ्या टीममधली पोरं त्यांच्या आईबापांना घेऊन उभी होती. संपत त्याच्या बायकोला काहीतरी दाखवत होता, माझ्याकडं बोट करून. मला वाटलं होतं असल्या वेळी माणूस ओरडतो. मी ओरडले नाही. आवाज निघाला तो अगदी साधा, लाइनवर पार्ट रिजेक्ट करताना निघतो तसा.

"साहेब, गोणपाटावर आधी तुम्ही बसा. मग मी तुमच्या शेजारी बसते."

साहेब हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. मी हसले नाही. मग त्यांचं हसू थांबलं. मॅडम म्हणाल्या, अगं सगळे बघतायत. मी म्हणाले, बघू द्या.

साहेब बसले नाहीत.

मी एक खुर्ची ओढली. त्यांचे पट्टे बाजूला सरकवले आणि टेबलावर माझ्या वस्तू मांडल्या. शेजारी आरी. शेजारी रापी. एका बाईंनी डब्याची पिशवी उचलून विचारलं, फार सुंदर आहे, कुठं शिकलात?

"माझ्या बापाकडं. आम्ही चांभार. ही शिवण आमच्या घरातली आहे."

चौतीस वर्षांत हा शब्द मी कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता. फॉर्मवर लिहिला होता, तोही हातानं झाकून. बाईंनी पिशवी खाली ठेवली. हलकेच. आणि पुढच्या स्टॉलवर गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. राग आला, स्वच्छ. इतकी वर्षं हा राग मी स्वतःवर काढत होते.

सोमवारी क्लबच्या ग्रुपमधून माझं नाव काढलेलं होतं. महिन्याभरात मूल्यमापन आलं. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती म्हणून लिहिलं होतं, संघभावना कमी. मी लेखी तक्रार दिली. बूट, पर्स, पिशवी, पाटी, सगळं लिहिलं. संपतचं वाक्यही, जसंच्या तसं. माझी जातसुद्धा लिहिली, ठळक.

रविवारी गावी जाऊन आप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते पाठीवर हात ठेवतील. ते घाबरले. म्हणाले, "लय बोललीस. नोकरी गेली मंजी? त्येंच्या हातात हाय समदं." मी त्यांच्यावरही चिडले. मग त्यांचे हात दिसले, मांडीवर ठेवलेले. ही भीती त्यांची एकट्याची नव्हे. पिढ्यांनी त्यांच्या अंगात भरलेली. मी ती पुढं नेणार नाही.

परवा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. समोर टाइप केलेला कागद ठेवला. माझा गैरसमज झाला होता, तक्रार मागं घेत आहे, असं त्यावर होतं. सही कर म्हणाल्या, विषय संपव, तुझंही करिअर आहे.

मी तो कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर पेननं लिहिलं: माझा गैरसमज झालेला नाही. अपमान झाला आहे. तक्रार कायम आहे.

खाली सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मॅडमना म्हणाले, याची पोच द्या.

त्या म्हणाल्या, साहेबांना विचारावं लागेल.

"विचारा. मी थांबते," म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.